उष्ट्या मशीनचं विरजण

कॉलेजात कुठलीही नवी गोष्ट कानावर पडली की मी ती आधी कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवते. तिथे नीट बसली तर समजली. नाही बसली तर मी मान हलवते आणि समजल्यासारखा चेहरा करते. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे घरी विचारण्यासारखं कोणी नाही, आणि कॉलेजात विचारायला माझं तोंड उघडत नाही. अशा वेळी स्वयंपाकघर उपयोगी पडतं. राउटर म्हणजे पंगतीतला वाढपी, पासवर्ड म्हणजे आईनं लाडवांचा डबा ठेवलेली जागा. पहिलं वर्ष या पद्धतीवर पार पडलं. दुसऱ्या वर्षी तिनं मला तोंडघशी पाडलं, आणि तेही भरल्या वर्गात, जिथे विद्यार्थी म्हणून सगळे शिक्षकच बसले होते.

झालं असं की आमच्या कॉम्प्युटर विभागानं बाहेरच्या लोकांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग सुरू केले. त्यासाठी एक लॅब होती. पण लॅबमध्ये टेबलावर दिसायचे ते नुसते पडदे आणि कीबोर्ड. खरी मशीनं क्लाउडवर, म्हणजे दूर कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटरांत. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तिथे आपलं एक स्वतंत्र मशीन मिळायचं. त्यात हवा तेवढा गोंधळ घाला, खऱ्या कामाला धक्का लागत नाही. वर्ग संपला की ती सगळी मशीनं पुसून टाकायची आणि पुढच्या तुकडीसाठी नवी करायची. ही नवी मशीनं एका मूळ नमुन्यावरून निघतात. त्याला टेम्प्लेट म्हणतात. टेम्प्लेट एकदा नीट बनवलं की त्यावरून पाहिजे तितकी मशीनं, सगळी एकसारखी.

हे सगळं सांभाळायला विभागप्रमुख सरांना बाहेरची एक कंपनी नेमायची होती. लॅब बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सर, इतना तो हमारे बच्चे कर लेंगे।" आणि त्यांनी माझं नाव पुढे केलं. का केलं ते अजून कळलेलं नाही. माझा अंदाज असा की मी वर्गात कधीच काही बोलत नाही, त्यावरून त्यांना वाटलं असावं, हिला सगळं येतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "ठीक है," ते म्हणाले, "एक बैच देखते हैं। ठीक चला तो यही रहेगी, नहीं तो कंपनी।"

या जागेसोबत लॅबच्या कोपऱ्यातली एक खुर्ची मिळायची आणि क्लाउडवर सरावासाठी माझं स्वतःचं एक मशीन. लॅब बंद होईपर्यंत त्यावर बसायची मुभा. घरी कॉम्प्युटर नाही. फोन आहे, पण तो मी आणि भाऊ वाटून वापरतो, आणि वाटणी म्हणजे काय ते लहान भाऊ असणाऱ्यांना सांगायला नको. ती खुर्ची गेली तर मला कागदावर कीबोर्ड काढून बोटं फिरवावी लागली असती. म्हणून ती खुर्ची मला टिकवायची होती. त्या दिवसांत दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतंच.

घरी काम समजावून सांगायला गेले तेव्हा बाबा भिंतीला टेकून चहा पीत होते. बाबा लोखंडी दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग करतात.

"मी मशीन बनवते, लोकांना वापरायला देते, अन् मग पुसून टाकते," मी म्हटलं.

"बनवलेलं पुसून काहून टाकते?"

"काम संपलं म्हणून."

"मी दार बनवून पुसून टाकलं तर मालक काय म्हणल?"

आई आतून म्हणाली, "जाऊ द्या न, तिच्या कॉलेजात तसंच असते."

माझ्या हातात चार बटणं होती: सुरू करा, थांबवा, मूळपदावर आणा, पुसून टाका. चौथ्या बटणाची मला इतकी भीती वाटायची की माउस त्याच्या जवळून न्यायचा असला तरी मी लांबून वळसा घालायची. रिकाम्या बरणीलाही 'राहू दे, कामी येते' म्हणणाऱ्या घरातली मी.

सरावाच्या मशीनवर मी रोज बसू लागले. त्यात ठरल्या वेळी पडद्यावर आठवण करून देणारी एक सोय होती. वर्गात तोंड उघडायचं आपल्याला कोणीतरी सांगायला हवं, आणि दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मीच मला सांगायची व्यवस्था केली. मशीन सुरू झालं की एक सूचना यायची, "आली का? बस. खुर्ची पुढे घे, मागं लपू नको." अकराच्या सुमाराला मॅडमचा तास असायचा, तेव्हा, "काहून गप्प बसून राहिली येडे? विचार की. कोणी हसून नाही राहिलं." दुपारी डब्याच्या वेळी, "डबा उघड. भरीत आहे तर भरीत आहे. लपवून खाऊ नको." आणि रोज तीन वाजता सर लॅबमध्ये चक्कर मारायचे. सर उंच आहेत आणि चष्म्याच्या वरून बघतात. ते आत आले की मी उठून पाणी प्यायला जायची. म्हणून तीनची सूचना होती, "सर आले तर पळू नको. ते चावत नाहीत."

या सूचनांचा मला काही उपयोग झाला असं म्हणता येणार नाही. त्या यायच्या, मी वाचायची, आणि पाणी प्यायला जायची. पण या हिंदी बोलणाऱ्या शहरात कोणीतरी आपल्याशी घरच्या मराठीत बोलतंय, एवढं बरं वाटायचं.

मग माझ्या परीक्षेची तुकडी ठरली. शहरातल्या आणि आसपासच्या सरकारी शाळांतले शिक्षक येणार होते. मुलांचे निकाल आता कॉम्प्युटरवर भरायचे होते आणि त्याचा सराव आमच्या मशीनवर करायचा होता. मॅडमना नेमकं त्याच वेळी दुसऱ्या कॉलेजात परीक्षेच्या कामाला पाठवलं. जाताना त्या म्हणाल्या, "टेम्प्लेट नया बनाना, एकदम साफ। समझ गई न?"

मी मान हलवली.

नवं मशीन घेतलं, निकालाचा प्रोग्राम त्यात घालायला गेले. तो बसेना. अर्ध्यावर जायचा आणि लाल अक्षरांत काहीतरी बोलून थांबायचा. पुन्हा घातला, पुन्हा थांबला. मॅडमना फोन करावा असं मनात आलं, पण फोनवर काय विचारायचं ते आधी लिहून काढावं म्हटलं, आणि लिहायला बसले तर मला काय समजलं नाही हेच लिहिता येईना. आणि माझ्या सरावाच्या मशीनवर हाच प्रोग्राम मॅडमनी पूर्वी बसवून दिलेला होता. तो छान चालत होता.

तेवढ्यात मी हा प्रश्न स्वयंपाकघरात नेला.

आमच्या गल्लीत विरजण आईचं. सकाळी कोणी ना कोणी वाटी घेऊन दारात असतंच, "भाभी, थोड़ा जामन देना।" आई सगळ्यांना देते. तिचे नियम दोनच. दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही. आणि विरजण काढायचं ते दही लागल्यावर आधी, कोणाचा चमचा त्यात जायच्या आत. उष्ट्या दह्याचं विरजण लावत नाहीत.

टेम्प्लेट म्हणजे विरजण! मला इतका आनंद झाला. चांगलं लागलेलं दही समोर असताना लिंबू पिळून नव्यानं कशाला लावायचं? माझं मशीन चांगलं लागलेलं होतं. त्यातलं चमचाभर घ्यायचं, बस. मी माझ्या मशीनवरूनच टेम्प्लेट काढलं. बाहेर अजून ऊन होतं, म्हणजे पहिला नियमही पाळला गेला. दुसरा नियम आठवला नाही. त्या मशीनमध्ये माझा चमचा कित्येक आठवडे फिरत होता.

सोमवारी शिक्षक आले. स्वेटर, मफलर, कोणाच्या हातात डब्याची पिशवी. जवळच्या पनागर गावचे एक मास्तर होते, निवृत्तीला आलेले. त्यांना सगळे 'मास्साब' म्हणत. ते शेवटच्या रांगेत भिंतीला लागून बसले, बरोबर माझ्या आवडत्या जागेवर. शहरातल्याच गढा भागातल्या, गढ्याच्या एक बाई होत्या. आडनावावरून मराठी कळल्या. त्यांचं घराणं जुन्या मराठा सरदारांच्या चाकरीत इकडे आलेलं, आणि त्यांची मराठी अशी, की त्यांच्यासमोर 'करून राहिली' म्हणायला जीभ अडखळावी. मॅडमही परीक्षेचं काम उरकून परतल्या होत्या. सर पाच मिनिटांसाठी आले, स्वागताचे दोन शब्द बोलले. मॅडम म्हणाल्या, "सब लोग अपनी मशीन चालू कीजिए।"

सगळे पडदे उजळले. आणि सगळ्या पडद्यांवर एकदम आलं, "आली का? बस. खुर्ची पुढे घे, मागं लपू नको."

मी माझा पडदा विझवला. बाकीचे उजळलेलेच राहिले.

"ये क्या लिखा है?" मास्साबांनी विचारलं.

गढ्याच्या बाईंनी चष्मा सावरला. "मराठी है। कह रहे हैं, आ गए? बैठिए। कुर्सी आगे लीजिए, पीछे मत छिपिए।"

"अच्छा, अच्छा," मास्साब म्हणाले, आणि सरकारी सूचना पाळावी तसे आपली खुर्ची घेऊन पुढच्या रांगेत येऊन बसले. त्यांच्या मागोमाग आणखी दोघंतिघं सरकले. सरांनी चष्म्याच्या वरून हा सोहळा पाहिला. "स्वागत का संदेश मराठी में?" ते मॅडमना म्हणाले. "चलो, तीन बजे आता हूँ।" आणि गेले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "साफ बनाया था न?"

मान आपोआप हलायला लागली होती. मी ती अर्ध्यात धरली. त्यामुळे ती हो आणि नाहीच्या मध्ये कुठेतरी राहिली.

अकराला दुसरी सूचना आली. मॅडम तेव्हा निकालाच्या तक्त्यात गुण कसे भरायचे ते दाखवत होत्या आणि वर्ग शांत होता, ज्याला काहीच समजलेलं नाही असा वर्ग असतो तसा शांत. हा शांतपणा मी चांगला ओळखते. सगळे पडदे म्हणाले, "काहून गप्प बसून राहिली येडे? विचार की. कोणी हसून नाही राहिलं."

बाईंनी वाचलं. थोडं थांबून भाषांतर केलं. 'येडे' त्यांनी गाळलं. ते त्यांचे उपकार.

मास्साबांनी हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा, कोपर सरळ. "मैडम, पूछने को कहा है तो पूछ रहा हूँ। ये कॉपी करने पर जो चीज़ वहाँ से उठती है, वो वहाँ रहती है कि यहाँ आ जाती है?"

कोणी हसलं नाही. उलट मागून एक शिक्षिका म्हणाल्या, "हाँ मैडम, ये तो मैं भी सोच रही थी।" मग दुसऱ्यानं विचारलं, मग तिसऱ्यानं. मॅडमना पुढचं काही शिकवताच येईना. मी कोपऱ्यात बसून एकीकडे शरमेनं वितळत होते. दुसरीकडे, खरं सांगते, मास्साबांच्या प्रश्नाचं उत्तर कान देऊन ऐकत होते. ते मलाही नीट माहीत नव्हतं.

डब्याच्या वेळी भरीताची सूचना आली आणि वर्गात हशा पिकला. ज्यांच्या डब्यात खरंच भरीत होतं त्यांनी ते उंच करून दाखवलं. मास्साबांनी पिशवीतून कोवळा मटार काढला आणि टेबलावर सोलायला बसले. मी माझा डबा उघडला नाही. कारण त्याच क्षणी मला तीनची सूचना आठवली होती. सरही तीनलाच येणार होते.

मी मॅडमपाशी गेले. "मॅडम, तीन बजे एक और आएगा।"

"क्या आएगा?"

"सर के बारे में है।"

मॅडमनी हातातली पोळी डब्यात ठेवली. "क्या है सर के बारे में?"

"अच्छा ही है," मी म्हटलं. "कि काटते नहीं।"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "रीसेट कर दो सब।"

पण मूळपदावर आणायचं तिसरं बटण म्हणजे काय, तर मशीन पुन्हा विरजणापाशी. शिक्षकांनी सकाळभर भरलेलं सगळं जाणार, आणि सूचना तशाच राहणार, कारण विरजणच उष्टं. चौथं बटण दाबून नवी मशीनं करावीत, तर निकालाचा तो प्रोग्राम पुन्हा लाल अक्षरांत बोलणार. एकच वाट होती. प्रत्येक मशीनपाशी जायचं आणि हातानं सूचना काढायच्या. मॅडमनी पुढचा तास सुरू केला आणि मी पहिल्या टेबलापासून सुरुवात केली.

एका मशीनला मिनिटही लागायला नको होतं. पण सकाळी माझ्याच मशीनांनी सगळ्यांना 'विचार की' म्हणून सांगितलेलं. मी वाकले की समोरचा विचारायचा. "बेटा, मेरा सब गायब हो गया।" गेलेलं नसायचं, खिडकी खाली जाऊन बसलेली असायची. "बिटिया, ये नीला वाला क्या है?" "दीदी, ज़रा ये भी देख लो।" मला दीदी म्हणणाऱ्या शिक्षिका माझ्या आईच्या वयाच्या होत्या. प्रत्येकाला उत्तर द्यावं लागत होतं. मी दिलं. एवढं बोलणं मी कॉलेजात आल्यापासून केलं नव्हतं. पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही, माझं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे.

मास्साबांपाशी पोचले तर ते म्हणाले, "इसे मत निकालो। यही एक तो है जो मुझसे प्यार से बात करती है।"

"दादाजी, सर आने वाले हैं।"

"तो आने दो।"

गढ्याच्या बाई शेवटून दुसऱ्या. त्यांनी माउसवरचा हात काढला नाही. "तू लिहिलंस का गं हे?"

"हो."

"नागपूरकडची का तुम्ही मंडळी?"

"आजोबा तिकडून आले. बाबा इथलेच."

"आमच्याकडे 'का गप्प बसली आहेस' म्हणतात," त्या म्हणाल्या. मी कान पाडून ऐकलं. "पण ते कसं पत्रात लिहिल्यासारखं वाटतं. तुझं 'काहून' बरं. कोणीतरी पाठीत धपाटा घातल्यासारखं. तीनला काय येणार आहे?"

"काही नाही, काकू."

"मग घड्याळाकडे काहून बघून राहिली?" त्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. हसता हसता त्यांनी हात बाजूला घेतला.

शेवटचं मशीन झालं तेव्हा तीनला थोडा वेळ होता. मी कोपऱ्यात येऊन बसले आणि जिंकल्यासारखा श्वास सोडला. टेबलं सगळी झाली होती. फक्त एक मशीन मी टेबल म्हणून धरलंच नव्हतं. मॅडम ज्यावरून शिकवायच्या त्याच्या शेजारचं, मोठ्या पडद्याला जोडलेलं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं मशीन. सकाळपासून ते बंद होतं.

सर आले. मॅडम म्हणाल्या, "सर, आप खुद चलाकर देखिए," आणि त्यांनी ते मशीन सुरू केलं.

मोठ्या पडद्यावर भिंतभर अक्षरांत आलं, "आली का? बस. खुर्ची पुढे घे."

सर बसले. वर्गात खसखस पिकली. सरांनी वर पाहिलं आणि तेवढ्यात तीन वाजले. "सर आले तर पळू नको. ते चावत नाहीत."

मला पाणी प्यायला जायचं होतं. फार जायचं होतं. पण दार सरांच्या पलीकडे होतं.

"ये क्या है?" सर म्हणाले.

गढ्याच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि शिक्षिकेच्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "सर आएँ तो भागना मत। वे काटते नहीं।"

सरांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, आता अर्थ माहीत झाल्यावर. मग चष्म्याच्या वरून अख्ख्या वर्गावर नजर फिरवली.

"किसने कहा कि नहीं काटते?"

मास्साब सगळ्यात आधी हसले. मग सगळेच. सर हसले की नाही ते मला दिसलं नाही, मी टेबलाखाली पडलेली पेनाची टोपी शोधत होते. तिथून त्यांचा आवाज ऐकू आला. "ये किसका काम है?"

मी टोपी हातात घेऊन उभी राहिले. "सर, मेरा."

"बाकी सब मशीनों में भी?"

"था सर. निकाल दिया. ये वाला रह गया."

"हूँ," सर म्हणाले. शिक्षकांना दोन-चार गोष्टी विचारल्या आणि जाताना मॅडमना म्हणाले, "इस पर कल बात करेंगे।"

'कल बात करेंगे' म्हणजे काय ते मला स्वयंपाकघरात न्यावं लागलं नाही.

घरी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती आधी थांबली, मग पिठाचा हात तोंडावर धरून इतकी हसली की बाबा बाहेरून आत आले.

"उष्ट्या दह्याचं विरजण लावलं हिनं, अन् साऱ्या मास्तर लोकांना वाटून दिलं," आई त्यांना म्हणाली.

"तुझाच नियम मोडला मी," मी रडवेल्या आवाजात म्हटलं.

आईनं बाबा बाहेर जायची वाट पाहिली. मग हळूच म्हणाली, "आता तुला म्हणून सांगते. कधी कधी उरतच नाही न वेगळं. तुम्ही भावंडं चमचा घालून ठेवता. मग काय करते? त्यातलंच देते मी."

"शेजाऱ्यांना?"

"अन् कोणाला? लागते दही. सांगायचं नसते, बस."

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि सरांचं बोलणं झालं असावं. मी विचारलं नाही. त्या आठवड्यात एकदा मॅडम जिन्यावर भेटल्या. वरून मुलांचा लोंढा उतरत होता, मॅडमच्या कानाला फोन होता. तो बाजूला धरून चालता चालता त्या मला काहीतरी म्हणाल्या आणि शेवटी, "ठीक है न?" गोंगाटात मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी मान हलवली. त्यांनीही हलवली आणि गेल्या.

मी समजून चुकले की आपली खुर्ची गेली. फक्त ही तुकडी संपेपर्यंत ठेवलंय. मग मी फार मन लावून काम केलं. उद्यापासून दुसऱ्याचं होणार असलेलं घर लोक शेवटचं झाडतात, तसं. मॅडमच्या शेजारी बसून तो प्रोग्राम नव्या मशीनवर बसवायला शिकले. एक टिचभर खूण करायची राहून जात होती, म्हणून तो लाल अक्षरांत बोलत होता. खरोखरचं साफ टेम्प्लेट बनवलं. रोज दुपारी डबा उघडून सगळ्यांसोबत खाल्ला, जाताना चांगली आठवण तरी राहावी म्हणून. शिक्षक विचारायचे, मी सांगायची.

शेवटच्या दिवशी मास्साबांनी मला मटाराची पिशवी दिली आणि विचारलं, "मेरी वाली मशीन भी मिटा दोगी? उसमें मैंने पाँचवीं का पूरा रिज़ल्ट बनाया है।"

मी ते त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये घालून दिलं.

"यानी ये कॉपी हुआ," ते म्हणाले. "वहाँ भी है, यहाँ भी।"

"हाँ. और अब वहाँ का मिटेगा."

"तो मिटाओ," ते म्हणाले. आणि बघायला उभे राहिले. त्यांच्यासमोर मी चौथं बटण दाबलं. या वेळी माउसनं वळसा घातला नाही. मग एकेक करून सगळ्यांची मशीनं गेली. शेवटी माझं सरावाचं उरलं. जायचंच आहे तर आपलं उष्टं मागे कशाला ठेवायचं? तेही पुसलं. 'सर चावत नाहीत' वगैरे सगळं गेलं.

मग सगळ्यांची छोटी सभा झाली. खोव्याची जलेबी, चहा, सरांचं भाषण. शेवटी सर म्हणाले, "कोई सवाल?"

शिक्षकांचे प्रश्न आठवडाभर विचारून संपले होते. सर खाली बसायला निघाले आणि माझा हात वर गेला. कोणी सांगितलं नव्हतं, सांगणारं मशीन तर मी नुकतंच पुसलं होतं. मास्साबांसारखा कोपर सरळ, आणि हातात अर्धी जलेबी.

"सर," मी म्हटलं, "मैंने अपनी मशीन भी मिटा दी है. पूछना ये था कि मैं कल से आऊँ कि नहीं?"

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे.

"मतलब?" मॅडम म्हणाल्या. "तुम्हें सीढ़ियों पर बताया तो था! सर ने अगले ही दिन हाँ कर दी थी। आख़िरी साल तक लैब तुम्हारी। तुमने सिर हिलाया था!"

गढ्याच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मास्साब म्हणाले, "अरे बिटिया."

सर चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत होते. आठवडाभर मी ज्यांना हरलेल्या माणसासारखी नमस्कार करत फिरत होते, त्यांना बहुधा वाटलं असेल, पोरगी फार विनम्र झाली आहे.

"कल आओ," ते म्हणाले. "और जो नहीं सुनाई दे, उस पर सिर मत हिलाया करो।"

माझी मान हलणार होती. मी तोंडानं म्हटलं, "जी सर."

दुसऱ्या दिवशी मटाराच्या उसळीचा डबा घेऊन लॅबमध्ये गेले. साफ टेम्प्लेटवरून स्वतःसाठी नवं मशीन काढलं. पडदा उजळला. कोरा होता. कोणी 'आली का' म्हटलं नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग खुर्ची पुढे घेतली.